स्वेटरच्या खिशातली किल्ली

बडोद्यात भर मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत स्वेटर घेऊन हिंडणारा माणूस एकच होता, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्याच ऑफिसात होता. आमची कंपनी कॉलेजांचे प्रवेशअर्ज ऑनलाइन भरून घेते. तिचे सर्व्हर तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत असतात. आम्ही बाकीचे वरच्या मजल्यावर बसून आपापल्या टेबलावरूनच त्यांना हुकूम सोडायचो. हे स्वेटरवाले, सगळ्यांचे काका, मात्र एवढासा फरक करायचा असला तरी स्वेटर चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे, खाली उतरायचे आणि मशीनसमोर स्टुलावर बसायचे. "नाडी बघायची तर रोग्याच्या घरी जावं," म्हणायचे. बाहेर डांबर वितळत असायचं आणि हे नाक पुसत वर यायचे.

मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझे वडील डभोईत सायकलदुरुस्तीचं दुकान चालवतात. घरातला पहिला पदवीधर मी. डभोईच्या बसमध्ये उभ्याने वाचून मी पदवी मिळवली, आणि ज्या शिक्षकांनी फुकट शिकवलं त्यांना अजून दिवाळीला भेटून येतो. काकांचे पणजोबा म्हणे संस्थानाच्या कचेरीत दप्तर सांभाळायचे. त्यामुळे वळणदार अक्षर, शांत चेहरा आणि कुणालाही नावाऐवजी गावाने हाक मारण्याचा अधिकार काकांना वारशातच मिळाला होता. मी त्यांचा 'डभोईकर'. साइट जरा मंदावली की आमच्या साहेब मॅडम माझ्या टेबलावरून सरळ पुढे जायच्या आणि काकांपाशी थांबायच्या. मी स्क्रीनकडे बघत राहायचो, कान मात्र तिकडे.

नेटवर्क कार्ड हा काकांचा खास प्रांत. बाहेरून येणारी माहिती लहान लहान पुड्यांनी येते आणि दर पुडीला कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. किती पुड्या जमल्या की हाक मारायची, हे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, सेटिंगमध्ये ठरवता येतं. एकदा मी इंटरनेटवर वाचून आलो आणि म्हणालो, "काका, आकडा एकदम वाढवून टाकू. हाका कमी, काम जास्त."

"डभोईकर, एकेक भेंडी आणायला खंडेराव मार्केटला जातोस का?"

"नाही."

"आणि महिन्याची भेंडी एकदम आणतोस?"

"नाही."

"मग? शुं उतावळ छे? घाई कसली? थोडं वाढव, चहा पी, मग बघ."

एका वेळी एकच सेटिंग, त्याआधी जुना आकडा वहीत पेन्सिलीने, नंतर चहा, नंतर मोजमाप. चहा बिघडला तर मोजमापही पुन्हा करायचे. मला वाटायचं, यात कसली आली विद्या. एवढं मीही करीन, आणि चहाशिवाय करीन.

मागच्या प्रवेशाच्या हंगामात ती संधी आली. मॅडमनी मुख्य सर्व्हर पहिल्यांदाच माझ्याकडे दिला. "चार वाजता अर्ज सुरू होतील. आज नीट पार पडलं तर पुढे तूच बघायचं." मी डभोईला फोन केला. "म्हणजे दुकानाची किल्ली तुझ्याकडे आली," वडील म्हणाले.

दुपारी एक वाजता काका रोजच्यासारखे भाजी आणायला गेले. त्यांच्याशिवाय काहीतरी करून दाखवायची हीच वेळ, असं ठरवून मी टेबलावरूनच एका दमात चार सेटिंग बदलली. असं केलं की कार्ड क्षणभर बंद पडून परत चालू होतं. ते बंद पडलं. चालू काही झालं नाही. ज्या वाटेने मी मशीनशी बोलत होतो तीच वाट मी मोडली होती. धावत खाली गेलो तर खोलीला कुलूप. किल्ली स्वेटरच्या खिशात, स्वेटर डिकीत, आणि डिकी स्कूटरसकट खंडेराव मार्केटात.

"काका, मशीन गेलं," मी फोनवर म्हणालो. "माझ्याच हातून गेलं."

"किती मिनिटं झाली?"

"सात."

"मग तीन मिनिटं थांब. गवार निवडतोय."

मागून भाजीवाली "एकदम कूणी छे, काका" म्हणत गवार कोवळी असल्याची ग्वाही देत होती. मी वर जाऊन घड्याळाकडे बघत बसलो. दहाव्या मिनिटाला मशीन जुन्या आकड्यांनिशी परत आलं. संपर्क तुटून दहा मिनिटं झाली की जुनी सेटिंग आपोआप परत यावीत, असा बंदोबस्त काकांनी माझ्या मशीनवर आधीच करून ठेवला होता.

"सांगितलं का नाही?" ते आल्यावर मी विचारलं.

"सांगितलं असतं तर आठ सेटिंग बदलली असतीस."

चार वाजता अर्ज सुरू झाले आणि सुरळीत चालले. मॅडमना काकांनी अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान मला त्यांच्यावर रागावायला तरी कारण मिळालं असतं. उलट त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे केलं. वर लिहिलं होतं, 'माझे फेरे'. घरी बसून सेटिंग बदललं, मशीन हातचं गेलं आणि ते हाताने चालू करायला मांजलपूरहून स्कूटर काढावी लागली, अशा एकोणचाळीस नोंदी होत्या.

"लिही," म्हणाले, "खाली जागा आहे."

त्यांच्या मोत्यांखाली माझी ओळ खेकड्यासारखी दिसली.

काका आता निवृत्त झाले. वही माझ्या खणात आहे. स्वेटर मात्र घेऊन गेले. मांजलपुरात त्याचं काय करतात कोण जाणे. मुख्य सर्व्हर मी बघतो, मॅडम माझ्या टेबलापाशी थांबतात, आणि तरीही त्या अक्षराचा आणि त्या शांतपणाचा मला अजून हेवा वाटतो. फक्त कधीकधी ते शेवटचं पान उघडतो. एकोणचाळीस वेळा हा माणूस कुलूप उघडायला एकटाच निघाला. तीन मिनिटं थांब, असं फोनवर सांगणारं त्याला कुणी नव्हतं. मला होतं.