उधर लगाओ

आज सकाळी वर्गात जे झालं ते इथे लिहितेय.

मी शनिवार पेठेत दर रविवारी मराठीचा वर्ग घेते. नोकरीसाठी पुण्यात आलेली मोठी माणसं येतात. माझ्याकडे पाठांतर नसतं. आठवड्याला एकच काम: अनोळखी माणसाला खरोखर गरज असेल ते मराठीत विचारायचं आणि पुढे काय झालं ते वर्गात सांगायचं.

आज सगळ्यांची तक्रार एकच. आम्ही मराठीत विचारतो, समोरचे हिंदीत उत्तर देतात. मी तावातावाने म्हणाले, "अहो, आपल्या लोकांची हीच खोड आहे. जरा धीर धरवत नाही."

मग चेन्नईची सुधा हळूच म्हणाली, "मॅडम, आज मी खाली एका बाईंना विचारलं, इथे गाडी लावली तर चालेल का. त्या बोलल्या, उधर लगाओ, उधर."

"मग मराठीत बोला असं का नाही सांगितलंत त्यांना?"

"कसं सांगणार? त्या मला मराठी शिकवतात."

हेल्मेट आणि स्कार्फमधल्या सुधाला मी ओळखलंच नव्हतं. ती 'गाडी' म्हणून जरा अडखळली आणि मी हिंदीत सुरू झाले.

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तुमच्याशी कुणी अडखळत मराठी बोललं, तर वाक्य पुरं होईपर्यंत तुम्ही थांबता का? नीट आठवून सांगा. मलाही वाटायचं, मी थांबते.