नेहमीचीच पाठ

त्या दिवशी सकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर बँकेतले साहेब पँट घेऊन गेले का. मी म्हटलं नेतील कशी, कंबर तुम्ही उसवून ठेवलीय. हसले. गिऱ्हाइकं ह्यांना उद्यामास्तर म्हणायची. कधीही विचारा, कपडा उद्याच.

आदल्या दिवशी मांडीच्या नसेतून तार घालून हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, वय झालंय, नसा कडक झाल्यात, त्यात रक्त पातळ करायचं औषध, आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. पाय हलवू नका, आणि काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा.

पाय हलवू नका म्हणे. जन्म गेला शिलाई मशीनवर. झोपेतसुद्धा पायडल चालूच. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं ह्यांना फिट येते. नर्सनं तो पाय चादरीनं पलंगाला बांधला, म्हणाली, आजोबा, इथं शिलाई बंद. हे म्हणाले, मग उसवायला तरी काही द्या.

दुपारी पाठ दुखायला लागली. आता शिंप्याची पाठ दुखणार नाही तर काय. आमच्या घरात ती पाठ माणसासारखी राहायची. आज पाठ रुसलीय म्हणायचे. मी कंबरेशी हात घालून चोळत बसले. नर्स आली, छातीत दुखतं का, नाही. पाय बरा आहे का, बरा आहे. मांडीची पट्टी बघितली, कोरडी. मी पाठीचं सांगणार तर ह्यांनी माझा हात दाबला.

"नेहमीचीच पाठ गं. उद्या सांगू."

आणि नर्सला म्हणाले, वेगळं काही नाही.

खोटं नाही बोलले. ह्यांना ते वेगळं वाटलंच नाही.

दिवेलागणीला घामानं उशी भिजली. मला म्हणाले, लाइट का घालवलास. लाइट चालूच होता. मी ओरडले, सगळे धावले, पलंगासकट आत नेलं, रक्त चढवलं. हृदय आधीच दमलेलं, नाही झेपलं. मांडीतलं रक्त बाहेर न येता पोटामागं पाठीशी साठत होतं, दुखत होतं ते तेच, असं डॉक्टर मग म्हणाले.

परवा बँकेतले साहेब दुकानात आले. दाराशीच उभे राहिले. मी म्हटलं बसा, कंबर मुलीनं शिवलीय, बटण लावून देते. काजं-बटणं पहिल्यापासून माझ्याकडं. खाली वाकले तर पाठीत कळ आली, तोंडातून आई गं निघालं. मुलगी मशीनवरनं उठून आली.

"कुठं दुखतंय?"

म्हटलं नेहमीचंच.

तिनं माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि चपला पुढ्यात ठेवल्या. मी म्हटलं, अगं उद्या जाऊ. साहेबांनी बिनबटणाची पँट घडी करून पिशवीत घातली. मी चपला घातल्या.