चामड्याला पडलेली घडी

त्या शनिवारची तासाभराची चौकशी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. कॅनडातल्या विंडसरच्या पोलीस दलात मी जेमतेम सात वर्षं काढली आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे तरुणपणीच निवृत्त झाले. याहून मोठी प्रकरणं हाताळली, पण आठवतं ते हेच.

मी नुकतीच गणवेशातून साध्या कपड्यांतल्या पथकात आले होते. पिस्तूल तेच, पूर्ण आकाराचं, पण आता ते ब्लेझरखाली कुणाला दिसता कामा नये. दोन आठवडे मी योग्य होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान, शोधत होते. आमचे सार्जंट म्हणाले, "पिस्तूल मोठं, तू लहान. आधी जाड बेल्ट घे. नाहीतर पँट खाली येईल आणि चोर हसून हसून मरेल." त्यांच्या सल्ल्याने पँटच्या आत, कमरेला लागून बसणारं चामड्याचं होल्स्टर घेतलं. त्याच्या तोंडाशी चामडं दुहेरी होतं, म्हणजे पिस्तूल काढल्यावर ते मिटत नाही. नवं चामडं करकरतं, बसलं की टोचतं. रोज वापरल्यावर महिनाभरात ते कमरेचा बाक घेतं, आणि गाडीत फार बसणाऱ्याचं असेल तर बेल्टखाली आडवी घडी पडते. माझ्या होल्स्टरला ती घडी नुकती पडू लागली होती.

त्या शनिवारी सकाळी ठाण्यात फोन आला. "तिथे एक मराठी मुलगी आहे म्हणे, तिला द्या." एक काकू दबक्या आवाजात बोलत होत्या.

"बाळा, ह्यांच्या कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये पिस्तुलाचं कव्हर सापडलंय. लेदरचं. हे शूटिंग क्लबला जातात, लायसन्स आहे. पण पिस्तूल नेहमी लॉक केलेल्या बॉक्समधून नेतात. हे कव्हर मी कधी बघितलं नव्हतं. आणि लेऑफ झाल्यापासून हे धड बोलतसुद्धा नाहीत."

"काका घरी आहेत?"

"शॉवर घेतायत. तू लवकर ये."

त्या वर्षी मोटारींच्या कारखान्यांतून माणसं कमी होत होती. सार्जंट आणि मी लगेच निघालो. काकांनी शांतपणे दार उघडलं, बेसमेंटमधली तिजोरी दाखवली. पिस्तूल कुलपात होतं, कागदपत्रं चोख. होल्स्टरबद्दल म्हणाले, "नदीपलीकडे, बॉर्डरच्या त्या बाजूला सेल होता, म्हणून घेतलं. क्लबसाठी. अजून वापरलंही नाही." सार्जंटनी वही मिटायला घेतली.

मी होल्स्टर मागून घेतलं. चामडं मऊ पडलं होतं. त्याला बाक आला होता, आडवी घडी होती आणि अंगाकडच्या बाजूला घामाची पांढरी रेघ.

"काका, हे नवं नाहीये," मी मराठीत म्हटलं.

"तू पोलीस आहेस की दुकानदार?"

"माझ्याकडे असंच आहे. ही घडी बसून बसून पडते. तुम्ही हे लावून गाडीत बसता. कुठे?"

ओट्याशी काकू पोहे परतत होत्या. त्यांचा हात थांबला.

"प्लांटसमोर," काका म्हणाले. "रस्त्याच्या या बाजूला. शिफ्ट सुटली की सगळे कॉफी घेऊन पार्किंगमध्ये उभे राहतात. त्यांच्यात मी सव्वीस वर्षं उभा होतो गं. आता कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही."

"आणि पिस्तूल?"

"एक दिवस वाटतं, सुपरवायझरला... दुसऱ्या दिवशी वाटतं, त्याला कशाला, आपणच. मग गाड्या निघून जातात. मी घरी येतो."

"आज?"

"आज दोनला शिफ्ट सुटते." त्यांनी खिशातून तिजोरीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा."

मी सार्जंटना इंग्रजीत सगळं सांगितलं. पिस्तूल आणि परवाना जमा झाला. काकांना आम्ही हॉस्पिटलमध्ये नेलं. हातकड्या घातल्या नाहीत, तो निर्णय सार्जंटचा.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. घरभर फोडणीचा वास होता. आई पुण्यात, मी इथे एकटी. मराठी घराच्या स्वयंपाकघरात उभी राहून मला वर्ष होऊन गेलं होतं. काकूंनी माझा हात धरला.

"एरवी म्हटलं असतं, दर शनिवारी जेवायला येत जा. पण तू दिसलीस की ह्यांना हाच दिवस आठवेल. येऊ नकोस हं, बाळा."

"नाही येणार, काकू."

कागद चोख असले तरी वस्तू हातात घेऊन बघावी, हे मी पुढे नव्या सहकाऱ्यांना सांगत आले. दुसरी गोष्ट कुणाला सांगितली नाही. माणूस आपल्या भाषेत खरं बोलून जातो, आणि ज्याच्यापाशी बोलला त्याचं तोंड पुन्हा बघणं त्याला जड जातं.

काका सहा आठवड्यांनी घरी आले. हे मला फाइलमधून कळलं. त्यांचं घर माझ्या अपार्टमेंटपासून दहा मिनिटांवर. ग्रोसरीला जाताना त्या गल्लीचं वळण लागायचं. सिग्नल लाल असला की मी त्या बाजूला बघत थांबायचे. हिरवा झाला की सरळ जायचे.