बर्फात अडकलेली मोटर

अंटार्क्टिकावरच्या बर्फात पुरायचं भूकंपमापक यंत्र आम्ही नागपूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत बनवत होतो. थंडीतली पहिली चाचणी मी भंडाऱ्याच्या बर्फ कारखान्यात घेतली. लाद्यांमध्ये ठेवलेली यंत्राची पेटी पाहून मालक हसले.

"मॅडम, बर्फात कुठला भूकंप येते?"

"बर्फ सरकतो, तडकतो. ते हादरे मोजायचे आहेत," मी म्हटलं.

बर्फ सरकला की यंत्र कलतं. ते सरळ करायला आत एक छोटी मोटर होती. तिचं ग्रीस मी निवडलं होतं. कारखान्यात मोटर छान चालली. तरी याहून कडक थंडीत एकदा पाहायला हवं, असं मी आमच्या सरांना म्हणाले. "अंटार्क्टिकाचं जहाज आपल्यासाठी थांबणार नाही," सर म्हणाले. यंत्र तयार असल्याच्या कागदावर मी सही केली.

मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी सिहोऱ्याला घरी होते. तिकडे बर्फात पुरलेलं यंत्र दिवसातून एकदा उपग्रहावरून निरोप पाठवायचं. आमच्याकडे नेट फक्त गच्चीच्या कोपऱ्यात मिळे. डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी तिथे उभी राहिले आणि वाचलं, की मोटर अडकली होती. जोर लावत ती बॅटरी संपवत होती. मोटर बंद करण्याची आज्ञा मी लगेच पाठवली. दुसऱ्या दिवशी बॅटरी आणखी उतरलेली. पुन्हा पाठवली. यंत्रानं ती ऐकलीच नाही.

एका डोळ्यावर पट्टी असली तरी आईला माझं ताट दिसत होतं.

"काहून जेवून नाही राहिली?"

"मशीन बंद पडून राहिली, आई."

"मंग कोणाले तरी धाड ना पाहाले."

"तिथं आता हिवाळा आहे. दिवसभर अंधार. कोणीच जाऊ शकत नाही."

"मंग तू का करशील?"

"काहीच नाही."

तिनं माझ्या ताटात थोडा भात वाढला. आठवडाभरात निरोप येणंच थांबलं.

तिकडचा उन्हाळा आला तेव्हा मोहिमेवर गेलेल्या तुकडीनं यंत्र उकरून परत आणलं. नागपूरच्या उबेत माझ्या टेबलावर ठेवून वीज जोडली, तर मोटर पहिल्याच झटक्यात फिरली. "चांगली आहे की!" सहकारी म्हणाला. मला रडूच आलं. मग दुसऱ्या शहरातल्या, बर्फ कारखान्याहून कितीतरी थंड शीतकक्षात तपासली, तेव्हा ग्रीस मेणासारखं घट्ट झालं आणि ती अडकली.

ग्रीस माझंच होतं, हे मी अहवालात लिहिलं. सरांनी वाचून चष्मा काढला. "घाई माझी होती," एवढंच म्हणाले.

पुढच्या जहाजानं दुसरं ग्रीस घातलेलं यंत्र गेलं. पण त्या एका हिवाळ्यात तिथला बर्फ कसा हलला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.