गोधड्यांखालची तार

भार्गवी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी आहे आणि शिडी खालून कुणीच धरलेली नाही, हे चित्र रजनीच्या डोळ्यांपुढून हलता हलत नव्हतं. भाजी निवडताना तेच, कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही तेच. नवीन जालन्यातल्या तिच्या ओळखीपाळखीच्या मुली बँकेत, बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांत पंख्याखाली बसायच्या. तिची लेक मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तीर्थपुरीत खांबांवर तारा ओढत होती.

तारा सरकारी टेलिफोन कंपनीच्या. त्या कंपनीचं नाव निघालं की रजनीला परतूरचं माहेर आठवायचं. घरी फोन आला तेव्हा तिच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे हातोहाती मोबाईल झाले, तो काळा फोन विणलेल्या रुमालाखाली गेला आणि गावोगावच्या एक्स्चेंजांत पारवे घुमू लागले. कंपनी संपली असंच सगळे धरून चालले होते. आणि बघता बघता त्याच एक्स्चेंजांतून केसासारखी काचेची तार निघाली, घराघरात इंटरनेट गेलं, आणि यंदा तर त्याच तारेतून टीव्हीसुद्धा!

“डिशची छत्री न्हाई, मंग चित्र येतंय कुठून?” तीर्थपुरीत लोक विचारायचे. भार्गवीने कंपनीची भागीदारी घेतली होती. गावात जोडण्या द्यायच्या, चालू ठेवायच्या आणि बिलातला वाटा घ्यायचा. पहिली गल्ली कशीबशी मिळाली होती. मायलेकींचा करारही ठरला होता. घटस्थापनेपर्यंत दुसरी गल्ली मिळाली तर ठीक, नाहीतर भार्गवीने रजनीच्या मावसभावाच्या, भालचंद्रदादाच्या बियाणे कंपनीत हजर व्हायचं. दादाने तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

घटं उद्यावर आली. मागल्या गल्लीतल्या बाया त्या संध्याकाळी पहिल्या गल्लीतल्या दैवशालाच्या घरी हा टीव्ही बघायला येणार होत्या. आवडला तर घेणार होत्या. आणि नेमका सकाळीच दैवशालाचा फोन आला.

“ताई, आख्ख्या गल्लीचा टीव्ही गेला! इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागलाय. जल्दी या बरं, बाया येऊन राह्यल्या संध्याकाळी!”

भार्गवीने गाडी काढली. रजनीने डबा भरला, पदर खोचला आणि मागे बसली.

“आई, तू कुठं?”

“शिडी धरायला.”

अंबड मागे पडलं तरी रजनीच्या मनात दोन गोष्टींची ओढाताण चाललेली होती. टीव्ही सुरू झाला नाही तर मुलगी पंख्याखाली येईल. मग सुरू व्हावा असं तरी का वाटतंय?

गल्लीच्या तोंडाशीच भार्गवीने ब्रेक दाबला आणि कपाळावर हात मारून घेतला.

गल्लीत दसरा काढला होता. घटं बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, तसं सगळं बाहेर आलं होतं. पितळी डबे उन्हात चमकत होते, ओट्यांवर उशा पडल्या होत्या. आणि खांबापासून दैवशालाच्या भिंतीपर्यंत, गल्लीभर, ओल्याचिंब गोधड्या एका रांगेत लोंबत होत्या. भार्गवीने ओढलेल्या तारेवर!

“कुणी टाकल्या?” रजनीचा आवाज चढला.

“मी,” दैवशालाची सासू सोनूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आयती दोरी बांधलेली दिसली. बराबर उन्हात. घट्ट बी व्हती.”

“आत्याबाई, टीव्हीची तार हाय ती!” दैवशाला ओरडली.

“मला काय ठाव? टीव्हीची तार आपल्या घरात येती. ही तर पुढं शेजारणीच्या घरात चालली. मी म्हणलं, गल्लीची हाय, सगळ्यांची हाय.”

भार्गवी पोट धरून हसत सुटली. “आजी, गोधड्या मात्र झकास धुतल्यात. उतरवा आता.”

मग तिने खांबाला शिडी लावली. रजनी धावली, पण तिच्याआधीच तीन बायांनी शिडी दोन्ही अंगांनी पकडली होती. सोनूबाईने तर खालच्या पायरीवर आपला पाय रोवला.

“तुम्ही कशाला?” रजनी म्हणाली.

“आम्हीच धरतो की दर वख्ताला. लेकराला काय असंच चढू द्यावं?” सोनूबाईने तिला न्याहाळलं. “तू आय का तिची? आज आलीस व्हय?”

रजनीने पुढे होऊन शिडीला एक हात लावला.

गोधड्यांच्या भाराने तार खांबाच्या कडीत अडकून राहिली, पण कडीपलीकडे पेटीजवळ तुटली होती आणि तिथूनच ती पुढच्या सगळ्या घरांना जात होती. भार्गवीने टोकं खाली आणली, ओट्यावर जोडणीचं यंत्र मांडलं. तेवढ्यात वारा सुटला.

“आई, धूळ नको यायला. आडोसा कर.”

रजनीने पदर दोन्ही हातांनी पसरला. पदराआड भार्गवीने तार सोलली, स्पिरिटने पुसली, कापली, यंत्रात ठेवली. छोट्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांकडे सरकली. बाया रजनीच्या खांद्यांवरून वाकून बघत होत्या. ठिणगी चमकली. दोन टोकांची एक रेघ झाली.

“चिटकली!” रजनी सगळ्यांच्या आधी ओरडली, आणि पदर सुटता सुटता राहिला.

जोड पेटीत बसवून भार्गवी खाली उतरली तोच आतून दैवशालाची हाक आली, “हिरवा झाला! हिरवा झाला!” मग घराघरातून टीव्हीचे आवाज एकदम सुटले. एकीकडे बातम्या, एकीकडे देवीची आरती, तिसरीकडे क्रिकेट.

पण भार्गवी तेवढ्यावर थांबली नाही. किराणा दुकानातून तिने नायलॉनची दोरी आणवली आणि तारेपासून हातभर दूर, दोन भिंतींतल्या कड्यांना ताणून बांधली. “आजी, ही गोधड्यांची. वरची टीव्हीची.”

संध्याकाळी मागल्या गल्लीतल्या बाया आल्या. बेबीनंदा त्यांची पुढारीण. तिने रिमोट घेतला, चॅनेल भराभरा बदलले, थांबवले, पुन्हा लावले. मग दारात येऊन वर बघितलं.

“टीव्ही चांगला हाय बिलकुल. पण आमच्याकडं टाकाल तर तारेसंगं दोरी बी पाह्यजे.”

“दोरी फुकट,” भार्गवी म्हणाली.

“मंग टाका. सगळ्या घरांत.”

हशा उसळला. भार्गवीने आईकडे बघितलं. बोलायची पाळी रजनीची होती.

काळजी गेली नव्हती. पाऊस असेल, निसरडं असेल, रात्रीचं परतणं असेल. पण त्या चित्रात आता शिडीच्या खालच्या पायरीवर सोनूबाईचा पाय होता.

रजनीने पर्समधून मोबाईल काढला. तिच्या सिमला तिथे रेंज नव्हती.

“कुणाला लावायचा?” दैवशालाने विचारलं.

“माझ्या भावाला. त्याने एक खुर्ची धरून ठेवलीय, ती सोडायला सांगते.”

“मंग आमचं वायफाय घ्या की. पासवर्ड आत्याबाईचं नाव हाय.”

रजनीने एकेक अक्षर दाबलं. फोन वायफायला जोडला गेला, आणि तिने यादीतून भालचंद्रदादाचं नाव काढलं.