कोणत्या भिंतीला?

शके १८३३, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सकाळी साडेनऊ. त्या वेळी मी त्र्यंबकपंतांच्या दुकानाची पायरी प्रथम चढलो. त्यांनी नाव विचारले नाही, काम विचारले नाही. "कोणत्या भिंतीला?" एवढेच विचारले.

हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारीत. रावपुऱ्यात त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. पुढच्या दालनात विक्रीसाठी काढलेली मोठी चित्रे चौकटीत लावलेली असत. सूरसागराचे पहाटेचे पाणी, एक म्हातारा हत्ती, पाणीगेटच्या कमानीखालून निघालेले बैल. भिंत कोणती, उजेड कोणत्या बाजूचा, समोर कोण बसते, हे कळल्याखेरीज पंत चित्र देत नसत. कोटाच्या एका खिशात खिळे आणि दुसऱ्यात सरळ रेघ पाहायचा ओळंबा असे. पुष्कळदा स्वतः घरी जाऊन चित्र टांगीत. फोटो धुण्याच्या औषधांनी त्यांची बोटे कायमची काळी पडली होती. "जेवताना लोक माझ्या हातांकडे बघतात," ते म्हणत, "चित्र बघताना नाही बघत. तेवढं पुरे."

माझ्याजवळ भिंत नव्हती. वडिलांचा, म्हणजे आबांचा, हुकूम होता.

आदल्या संध्याकाळी एका भाऊबंदाने आबांना चारचौघांत टोमणा मारला होता. "काय शिलेदार, लेक रावपुऱ्यात टांगलीत म्हणे! दर्शनाला गर्दी आहे." आमचे घराणे गायकवाडी फौजेतले. बायकांना गोषा. माझी थोरली बहीण आक्का बालविधवा. महाराजांच्या राज्यात स्त्रियांना शिक्षिकेचे शिक्षण मिळू लागले होते, आणि आबांनी मनाविरुद्ध तिला पडदा लावलेल्या गाडीतून तिकडे जाऊ दिले होते. परीक्षा तोंडावर आली होती.

"दिवेलागणीच्या आत ते चित्र चुलीत गेलं पाहिजे," आबा मला म्हणाले. "नाहीतर उद्या आक्का मामाच्या गावी. शाळा संपली." आबा एकदाच बोलत.

चित्र दालनाच्या मध्यावर होते. वर्गाच्या खिडकीशी आक्का पुस्तक वाचीत बसलेली. पदर खांद्यावर उतरलेला, आणि तिचे त्याकडे लक्ष नाही. तिचा असा निर्धास्त चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. मला संताप आला.

"हे चित्र हवं आहे. भिंत नाही. चुलीत घालायचं आहे."

पंत शांतपणे म्हणाले, "चुलीत उजेड खालून येतो. चित्र नीट दिसत नाही."

"माझी बहीण आहे ती! न विचारता फोटो काढलात?"

"न विचारता मी माकडाचाही काढत नाही. शाळेचे फोटो काढायला गेलो होतो. या बाईंना विचारून काढला. दुकानात लावू का, हेही विचारलं. 'लावा' म्हणाल्या."

आक्काने घरात याबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

तेवढ्यात मुंबईचे एक पारशी शेठ आत आले. ते आदल्या दिवशीच आक्काचे चित्र पसंत करून गेले होते असे दिसले. "पंत, बांधी आपो. सांजनी गाडी छे," चित्र बांधून मागत ते म्हणाले. "माझ्या बिलियर्डच्या रूममां लावीश."

"नाही शेठ. बाई वाचते आहे. तिथे कोण वाचतं?"

शेठ हसले. "अरे, आ दुकान छे के देवळ?"

"दुकान. म्हणून तर मालकाला नाही म्हणता येतं."

"स्टेशनवर जाताना पाछो येईन," शेठ म्हणाले. "तेव्हा ना नाही ऐकणार." ते गेले. मग पंतांनी चित्र उतरवले, जाड कापडात गुंडाळले आणि टोपी घातली.

"चला. भिंत दाखवा."

"आबांच्या बैठकीत तलवार असते," मी बजावले.

"उत्तम. खिळा ठोकलेला असेल."

पाणीगेटजवळच्या आमच्या घरी जाताना टांग्यात मी पंतांना भाऊबंदाचा टोमणा सांगितला. चित्र त्यांच्या मांडीवर होते. हिसकावून घ्यावे, असे माझ्या मनात आले. आले तसे गेले.

आबा बैठकीत लोडाला टेकून होते, तलवार हाताशी. समोरच्या भिंतीवर पणजोबांची ढाल होती. पंतांनी जोडे बाहेर काढले, नमस्कार केला आणि प्रथम खिडकीकडे पाहिले.

"चित्र ठेवा आणि निघा," आबा म्हणाले.

"ठेवतो. कुठे ते बाईंनी सांगावं. चेहरा त्यांचा आहे."

"आमच्या घरात बायकांना विचारायची चाल नाही."

"माझ्या दुकानात आहे, आबासाहेब."

आबांचा हात लोडावरून उठला. मी पंतांच्या पुढे झालो. तोच आतल्या दाराशी आक्का आली. डोक्यावर पदर, मान वर. परक्या पुरुषासमोर ती प्रथमच बैठकीत बोलली.

"इथे लावा. आबांच्या समोर."

आबा पंतांना म्हणाले, "ते इथे लागलं म्हणजे मी मान्य केलं, असा अर्थ होतो."

"होय. म्हणूनच मी भिंत विचारतो. रावपुऱ्यात ते बघून कोणीही टोमणा मारील. इथे बघायला जोडे बाहेर काढून यावं लागेल, आणि समोर आपण बसलेले असाल. चुलीत घातलंत, तर तो भाऊबंद खरा ठरला."

आबांनी आक्काकडे पाहिले नाही. ढालीकडे पाहिले.

"ढालीखाली लावा."

पंतांनी ओळंबा सोडला, मागे सरकले, डोळे बारीक केले. "खाली उजेड पोचत नाही."

"मग?"

"उजेड ढालीच्या जागी आहे."

चुलीत लाकडे सारल्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

"ढाल सरकव," आबा मला म्हणाले. "डावीकडे. फार नको."

पंतांनी चित्र स्वतः टांगले. आक्काने ते पाहिले आणि अभ्यासाला आत गेली. जाताना पंत आबांना म्हणाले, "उन्हाळ्यात खिडकीला पडदा लावा. उन्हाने चित्र फिकं पडतं." आबांनी मान हलवली. त्यांच्याकडून कोणाला याहून अधिक मिळाल्याचे मला स्मरत नाही.

आक्का शिक्षिका झाली. आबा अखेरपर्यंत त्याच जागी, त्या चित्रासमोर बसत. चित्राविषयी ते कधी बोलले नाहीत. उन्हाळा लागला की पडदा मात्र स्वतः सोडीत. पंत वारले त्याला बराच काळ लोटला. त्यांच्या दुकानात आता सायकली विकतात. घरात काही नवे आणले की मी अजून आधी भिंत पाहतो.

त्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले. ढालीच्या जुन्या खिळ्याचे भोक चौकटीच्या वर उघडे राहिले होते. मी स्टुलावर चढलो, ते चुन्याने बुजवले आणि स्टूल जागेवर ठेवले.