झोपली का?

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात सगळे अंगाईबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते चाले. मला मात्र तो शब्द पहिल्यापासून खटकायचा. स्वतःच्या पोराला त्यांनी कधी अंगाई म्हटल्याचं मला आठवत नाही. पोराला झोपवायला घरी मी होते. त्या पावडर झोपवायला जायच्या.

पावडर कसली, तर ॲल्युमिनियमची. राखेसारखी करडी आणि इतकी बारीक की एक कण सुटा करून बघायचा म्हटलं तर साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये. नॅनो पावडर म्हणतात तिला. थोरले दीर अचानक गेले तेव्हा जाऊबाई एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागल्या. तिथले सर धातूची वाफ करून ही पावडर बनवायचे. ताज्या पावडरीला एकदम हवा लागली की ती पेट घेते. म्हणून तिला बंद भांड्यात ठेवून चिमूट चिमूट हवा द्यावी लागते. मग प्रत्येक कणावर दुधावर धरते तशी पातळ साय धरते आणि पावडर शांत होते. या कामाला सरांकडे एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. जाऊबाईंची जीभ त्यात अडकायची. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे झोपवायचंच ना तिला?" सर पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच विचारू लागले, "काय हो, झोपली का?"

हवेची चावी हळूहळू फिरवत बसणं हे धीराचं काम. सरांना तो नव्हता. चावी जाऊबाईंच्या हाती आली ती कायमचीच.

पोरगा त्या भाषेतच वाढला. शाळेतून प्रयोगशाळेत जायचा, दारात उभा राहून कुजबुजत विचारायचा, "झोपली का गं?" आईनं मान हलवली की मग मोठ्यानं बोलायचा. घरी आल्यावर मला म्हणायचा, "काकू, आईचं दुसरं बाळ फार त्रास देतं." मी हसायचे. जाऊबाईंना मात्र हे लागायचं.

पुढे एका कंपनीनं ती कृती विकत घेतली. प्रयोगशाळेत वर्षभरात झालेली पावडर माझ्या शिवणाच्या डब्यात मावली असती. कारखान्यात पिंपं भरू लागली. भट्टी खोलीएवढी, पावडर साठवून झोपवायची टाकी तिच्याहून उंच. आधी माल रंगात आणि शाईत जायचा. सर बरोबर आले, जाऊबाईही आल्या. पोरगा मोठा होऊन तिथेच दुरुस्ती खात्यात फिटर झाला. हातात सदा पाना, म्हणून त्याचं नाव पडलं पान्या.

एके दिवशी लष्कराची माणसं आली. चकचकीत बूट, तोंडं बंद. त्यांना ही पावडर रॉकेटच्या इंधनात हवी होती, तीही घाईनं, आणि साय जाड नको होती. जाड साय म्हणजे ताकद कमी. जाऊबाई त्या दिवशी घरी येऊन पाय धुता धुता म्हणाल्या, "यांना गाढ झोपलेली नकोय. हाक मारली की उठणारी हवीय."

सरांनी विरोध केला. प्रयोगशाळेत भट्टी, भांडं, चावी सगळं एकाच माणसाच्या नजरेसमोर असायचं, इथे तीन खाती आणि मध्ये भिंती. एवढ्या घाईनं झोपवायचं असेल तर निदान टाकीच्या झाकणावर दिवा लावा, पावडर शांत झाली की हिरवा होणारा, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवा मंजूर व्हायला गेला आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. सरांना सल्लागार केलं. सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला घ्यायचा नसतो तो.

आता त्या शब्दाचं सांगते. दुरुस्ती खात्यातल्या पोरांनी तो उचलला होता, पण भट्टीसाठी. भट्टी बंद होऊन गार झाली की ते म्हणत, झोपली. भट्टीही ती आणि पावडरही ती. यावरून मायलेकरांची जेवताना रोज जुंपायची.

"शब्द माझा आहे," जाऊबाई म्हणायच्या. "तुम्ही चोरलात."

"अगं, भट्टी घोरते तरी," पान्या म्हणायचा. "तुझी पावडर कुठे घोरते?"

"लोखंडाला कसली आलीय झोप? तो माझ्या पावडरीचा शब्द आहे."

"बरं बाई, तुझाच. घे, डोक्यावर घेऊन नाच."

मला ते भांडण आवडायचं. दिवसभर एकाच छपराखाली राबूनही त्या दोघांना एकमेकांशी बोलायला तेवढंच मिळायचं. आणि मग कधीतरी ते भांडण थांबलं. का थांबलं ते मी विचारलं नाही. पोरगा शहाणा झाला असं मला वाटलं.

त्या दिवशी सकाळी भट्टीच्या पाण्याचा पाइप गळत होता म्हणून भट्टी बंद केली होती. पान्याला त्यासाठी बोलावलं. जाऊबाईंना ते माहीत होतं. त्या भिंतीपलीकडे चावीवर बसल्या होत्या, टाकीतल्या ताज्या पावडरीला नुकती कुठे हवा द्यायला लागल्या होत्या. पाइपचं काम आटोपत आलं आणि सुपरवायझरनं पान्याला तिथूनच टाकीकडे वळवलं. टाकीची गाळणी चोंदली होती, लष्कराची गाडी दारात उभी होती. हे जाऊबाईंना कुणी कळवलं नाही. पान्यानं मात्र विचारलं. भिंतीवरच्या फोनवरून, तोंडावर मास्क बांधलेला असताना, त्यानं आईला विचारलं, "झोपली का गं?"

जाऊबाई म्हणाल्या, "कधीच झोपली."

त्यानं झाकण उघडलं.

आवाज फारसा झाला नाही म्हणे. नुसता पांढरा उजेड. जाऊबाईंच्या बाजूच्या काचेतून तो आला आणि त्यांना वाटलं, बाहेर कुणी फोटो काढतंय.

इस्पितळात पान्याचा चेहरा बांधलेला होता, हात बांधलेले होते. बोलता येत होतं थोडं. जाऊबाई त्याच्या उशाशी बसायच्या, पण तो त्यांच्यासमोर गप्प असायचा. त्या तोंड धुवायला गेल्या की मला म्हणायचा, "काकू, पाणी." एकदा पाणी प्यायल्यावर म्हणाला, "मी पावडरीचं विचारलं होतं."

"असू दे रे. बोलू नकोस."

"आईला तिचा शब्द हवा असतो. रोज काय भांडायचं? म्हणून मी तिच्याशी बोलताना हल्ली तिच्याच अर्थानं..." त्याला दम लागला. मग म्हणाला, "तिला सांगू नको. चौकशीवाल्यांना मी सांगितलंय, भट्टीचंच विचारलं. पावडरीचं विचारायचं राहून गेलं म्हणून. तू पण तसंच सांग."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? चौकशीवाल्यांना तर हे हवंच होतं. फिटरची चूक म्हटलं की दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. सर एकटे विचारत राहिले, आणि त्यांना घरी बसवलं. माझा अजून संताप होतो. एक हिरवा दिवा. आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानावर तसे चार लागलेले आहेत.

जाऊबाई त्या दिवसांत रडल्या नाहीत. फक्त एक शब्द त्यांना सहन होईना. नर्स बाहेर येऊन सहज म्हणाली, "झोपलेत ते," की या ताडकन उठायच्या. "झोपला म्हणजे? कुठल्या अर्थानं? नीट सांगा." नर्स घाबरायची. "श्वास चालू आहे म्हणा," जाऊबाई म्हणायच्या. "झोपला म्हणू नका." मग त्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सा शिकल्या. दार उघडून आधी म्हणायच्या, "आई, श्वास चालू आहे," आणि मग औषधाचं काय ते बोलायच्या.

एका दुपारी बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. जाऊबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी त्याच्या शब्दात उत्तर दिलं गं. चार पोरांत त्याचा मान असतो. आईनं सारखं काय चुका काढायच्या? भट्टी त्याची, म्हणून भट्टीचं सांगितलं." मग माझ्याकडे वळल्या. "त्यानं कशाचं विचारलं होतं?"

मी म्हटलं, "भट्टीचंच. त्यानंच सांगितलं मला."

"माझ्या गळ्याची शपथ?"

मी त्यांचा हात धरला, पण गळ्याला हात लावला नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "इतकी वर्षं एका चुलीवर काढली आपण," त्या म्हणाल्या. "तुला खोटं बोलायला कधी जमलं नाही."

मग त्या पुन्हा भिंतीकडे बघू लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

थोड्या वेळानं दार उघडलं. तीच नर्स, सगळ्यांत लहान, जिला जाऊबाई सगळ्यांत जास्त रागावल्या होत्या. ती दारातच थांबली. तिनं हातमोजे काढले, ते कुठे ठेवावेत तिला सुचेना. मग जवळ येऊन जाऊबाईंच्या गुडघ्यांशी बसली आणि म्हणाली, "आई, झोपले हो ते."

जाऊबाईंनी कुठल्या अर्थानं ते विचारलं नाही.